विल्सनची चौदा कलमं इतकी चांगली होती, तर तह असा का झाला?

फळाखडू

नमस्कार मंडळी. मी नववी-दहावीला इतिहास शिकवते. पहिलं महायुद्ध शिकवताना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या चौदा कलमांपाशी मी दरवर्षी अडते. मुलं कलमं धडाधड पाठ करतात. गुप्त तह बंद. समुद्र सगळ्यांना खुला. शस्त्रकपात. वसाहतींच्या दाव्यांचा निःपक्षपाती निवाडा. बेल्जियम मोकळा, आल्सेस-लॉरेन फ्रान्सला परत, पोलंड स्वतंत्र, आणि शेवटी सर्व राष्ट्रांचा संघ. म्हणून झालं की एखादं पोर हात वर करतंच, "बाई, एवढं सगळं ठरलं होतं तर वीस वर्षांत परत युद्ध कसं पेटलं?"

गाइडमधलं उत्तर एका ओळीचं आहे: विल्सन आदर्शवादी होते आणि युरोपचे नेते स्वार्थी होते. पेपरात त्याला पूर्ण गुण मिळतात, पण मला ते पटत नाही. ज्या माणसाने प्रिन्स्टन विद्यापीठ चालवलं, न्यू जर्सीचं गव्हर्नरपद सांभाळलं, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दोनदा जिंकली, तो इतका भोळा असेल?

मला नीट समजून घ्यायचंय. जर्मनीने खरोखर या कलमांच्या भरवशावर युद्ध थांबवलं का? थांबवलं असेल, तर १९१९ च्या व्हर्सायच्या तहात ती कलमं गेली कुठे? उत्तर कितीही लांबलं तरी वाचेन.

जुना सरचिटणीस

बाई, तुमची शंका रास्त आहे. त्या गाइडमधल्या उत्तरावर खुशाल काट मारा.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. कारखान्यात होतो, युनियनचा सरचिटणीस होतो, आणि उमेदीची सगळी वर्षं मॅनेजमेंटसमोर करारासाठी बसण्यात गेली. निवृत्तीनंतर पॅरिसच्या शांतता परिषदेवर हाती लागेल ते वाचत सुटलो, कारण तिथलं सगळं मला ओळखीचं वाटलं. विल्सनची कलमं मी मागणीपत्र म्हणूनच वाचतो. आणि मागणीपत्र हातात आलं की आम्ही आधी दोन गोष्टी बघायचो: हे कुणाला ऐकवायला लिहिलंय, आणि कुठली मागणी मुद्दाम मोघम ठेवलीय.

पहिल्यांदा कुणाला ऐकवायला ते घ्या. नोव्हेंबर १९१७ मध्ये रशियात बोल्शेविक सत्तेवर आले आणि त्यांनी झारच्या कपाटातले गुप्त तह छापून टाकले. १९१५ च्या लंडन तहात इटलीला युद्धात उतरण्यासाठी काय काय कबूल केलं होतं, १९१६ मध्ये ब्रिटनचा साइक्स आणि फ्रान्सचा पिको यांनी तुर्कांचा मुलूख कागदावर कसा वाटून घेतला होता, सगळं चव्हाट्यावर आलं. खंदकात तीन वर्षं काढलेल्या सैनिकाला कळलं की आपण कशासाठी मरतोय. त्यात ब्रेस्ट-लिटोव्हस्कला रशिया आणि जर्मनीची स्वतंत्र बोलणी सुरू झालेली. मित्रराष्ट्रांनी आपण कशासाठी लढतो हे उघड सांगणं भागच होतं. म्हणजे विल्सनचं भाषण एकाच वेळी रशियन जनतेला, जर्मन कामगाराला आणि दोस्तांच्या दमलेल्या लोकांना उद्देशून होतं. भोळा माणूस असं भाषण लिहीत नाही.

आता ते लिहिलं कसं गेलं हे मुलांना जरूर सांगा. विल्सनचा खास सल्लागार कर्नल हाउस याने १९१७ च्या शरदात प्राध्यापक, भूगोलतज्ज्ञ, पत्रकार अशी मंडळी गोळा करून एक अभ्यासगट बसवला होता. तरुण वॉल्टर लिपमन त्याचा चिटणीस. त्यांनी नकाशे आणि लोकसंख्येचे आकडे घेऊन टिपण तयार केलं. ते टिपण घेऊन हाउस व्हाइट हाउसला आला, आणि ५ जानेवारी १९१८ च्या शनिवारी दोघे जण कामाला बसले. हाउसने डायरीत लिहून ठेवलंय की साडेदहाला सुरुवात केली आणि साडेबाराला जगाचा नकाशा आपल्याला हवा तसा नव्याने आखून झाला. दोन तास! त्याच दिवशी लंडनमध्ये ब्रिटनचा पंतप्रधान लॉइड जॉर्ज याने साधारण याच धर्तीचं भाषण केलं, आणि ती बातमी आल्यावर विल्सनला क्षणभर वाटलं की आता आपण बोलण्यात अर्थ नाही. हाउसने त्याला उभारी दिली. ८ जानेवारीला अमेरिकेच्या काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांसमोर भाषण झालं.

दुसरी गोष्ट, मोघम काय आहे. सातवं कलम बघा: बेल्जियम रिकामा करून द्यायचा, त्यात किंतु-परंतु नाही. आठवं, आल्सेस-लॉरेनबाबत १८७१ मध्ये झालेला अन्याय दूर करायचा. तेरावं, पोलंड स्वतंत्र आणि त्याला समुद्राला वाट. ही सगळी मागणी समोरच्या पक्षाकडे, म्हणून ठसठशीत. आता दुसरं कलम घ्या, समुद्राचं स्वातंत्र्य. ते थेट ब्रिटिश आरमाराच्या मुळावर येत होतं. नववं कलम, इटलीची सरहद्द लोकवस्ती बघून आखायची. ते लंडन तहाच्या विरुद्ध होतं. पाचवं, वसाहतींचं, तर दोन्ही थडींवर पाय ठेवून लिहिलेलं: तिथल्या लोकांच्या हिताला तिथल्या सरकारच्या दाव्याइतकंच वजन द्यायचं. मग निवाडा कोण करणार, लोकांच्या वतीने बोलणार कोण, यावर अक्षर नाही.

जिथे आपल्याच दोस्तांशी भांडण होणार होतं ते आधी मिटवून मगच मागणीपत्र द्यायचं असतं. आम्ही तीन संघटना मिळून संयुक्त कृती समिती करायचो, तेव्हा पहिल्या रात्री आपापसातच बसायचो. विल्सनने लंडन, पॅरिस, रोम यांची संमती घेतलीच नाही. भाषण त्याचं एकट्याचं होतं.

आता तुमचा जर्मनीचा प्रश्न. होय, लेखी झालं होतं. ऑक्टोबर १९१८ मध्ये प्रिन्स मॅक्स जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला आणि त्याच्या सरकारने युद्धबंदीची विनंती लंडनला किंवा पॅरिसला न धाडता सरळ विल्सनला धाडली, आणि चौदा कलमं वाटाघाटींचा पाया म्हणून मान्य केली. मग हाउस पॅरिसला जाऊन दोस्तांवर दबाव आणत बसला. तुम्ही ऐकणार नसाल तर अमेरिका जर्मनीशी परस्पर तह करेल, इथपर्यंत बोलणं गेलं. शेवटी दोस्तांनी दोन अपवाद ठेवून कलमं स्वीकारली. समुद्राच्या स्वातंत्र्याबद्दल आपण बांधील नाही, हा एक. आणि जर्मनीने नागरिकांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायची, हा दुसरा. ५ नोव्हेंबर १९१८ ला परराष्ट्रमंत्री लान्सिंगच्या सहीने हे जर्मनीला कळवलं गेलं, ११ तारखेला तोफा थांबल्या. त्यामुळे पुढे जर्मन लोक म्हणाले की आम्हाला एक सांगून दुसरंच गळ्यात मारलं, तेव्हा त्यांच्या हातात कागद होता. हिटलरने त्या कागदाचा काय वापर केला तो भाग वेगळा.

आणि या कागदाच्या दोन अपवादांपैकी दुसरा नीट बघा, तिथूनच पाणी शिरलं. 'नागरिकांचं नुकसान' म्हणजे जळालेली घरं, बुडालेली जहाजं. ब्रिटनची घरं फारशी जळली नव्हती, त्यामुळे त्याच्या वाट्याला थोडंच येणार होतं. मग सैनिकांच्या विधवांचं आणि जखमींचं निवृत्तिवेतनही यात धरा अशी मागणी आली. विल्सनच्या कायदेतज्ज्ञांनी साफ विरोध केला. पण दक्षिण आफ्रिकेच्या स्मट्सने एक टिपण लिहून दिलं की सैनिक घरी परतला की तो नागरिकच, आणि विल्सन विरघळला. रकमेचा आकडा तहात घातलाच नाही. तो १९२१ मध्ये ठरला: १३२ अब्ज सुवर्ण मार्क.

असं एकेक कलम गेलं. आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीपर्यंतचा दक्षिण टायरोल, जिथे लाखो जर्मन भाषिक राहत होते, इटलीला दिला. नववं कलम तिथेच संपलं. शस्त्रकपात फक्त जर्मनीच्या वाट्याला आली: एक लाखाचं सैन्य, विमानदल नाही, पाणबुड्या नाहीत. उघड वाटाघाटींचं म्हणाल, तर मुख्य निर्णय विल्सन, लॉइड जॉर्ज, फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमांसो आणि इटलीचा पंतप्रधान ऑर्लांदो या चौघांनी बंद दाराआड घेतले, आणि जर्मन शिष्टमंडळाला ७ मे १९१९ ला तयार मसुदा हातात देऊन सांगितलं की जे काय म्हणायचं ते लेखी द्या. अन्नाची नाकेबंदी युद्धबंदीनंतरही चालू होती, मार्चपर्यंत धान्याची जहाजंसुद्धा अडलेली. उपाशी माणसाकडून सही घेतली की ती टिकत नाही, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

तो भांडला नाही असं मात्र कुणी म्हणू नये. क्लेमांसोला ऱ्हाइनच्या पश्चिमेचा मुलूख जर्मनीपासून तोडायचा होता आणि सार खोरं हवं होतं. विल्सनने एप्रिलमध्ये आजारपणातून उठून आपलं जहाज 'जॉर्ज वॉशिंग्टन' ब्रेस्ट बंदरात बोलावून घेतलं, म्हणजे मी निघालो असा इशाराच. त्यावर तडजोड निघाली: सारच्या कोळसा खाणी फ्रान्सला, कारभार पंधरा वर्षं राष्ट्रसंघाकडे, मग लोकांचा कौल. इटलीला हव्या असलेल्या फ्यूमे बंदरासाठी तर इटलीच्या पंतप्रधानाला डावलून त्याने इटालियन जनतेला उद्देशून निवेदन छापलं आणि ऑर्लांदो रागारागाने रोमला निघून गेला. पण हिशेब बघा. ब्रेनर आधीच देऊन बसलेला माणूस फ्यूमेवर अडून राहिला.

हे सगळं देताना त्याच्या मनात एकच गणित होतं असं मला वाटतं. चौदावं कलम, राष्ट्रसंघ, हातात आलं की बाकी तेरांतल्या चुका तो संघ पुढे दुरुस्त करेल. म्हणून प्रत्येक वेळी चौदाव्यासाठी त्याने दुसरं काहीतरी सोडलं. आमच्याकडेही असे नेते पाहिलेत, पगारवाढ सोडतात आणि संयुक्त समिती मिळवतात, समितीत पुढे सगळं बघू म्हणून. मग ती समिती सर्वसाधारण सभेतच नामंजूर होते. विल्सनचं नेमकं तेच झालं, पण त्यावर नंतर लिहितो. डोळे दुखायला लागले.

पानगळ

सरचिटणीस काका, मनापासून लिहिलंय तुम्ही, आणि लंडन तहाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पण एका गोष्टीवर माझं मन अडतं. तुम्ही टेबलावर काय झालं ते सांगताय. ज्यांना त्या टेबलापाशी खुर्चीच मिळाली नाही त्यांचं काय?

विल्सनने ११ फेब्रुवारी १९१८ च्या भाषणात सांगितलं की लोकांवर यापुढे त्यांच्या संमतीनेच राज्य करता येईल, स्वयंनिर्णय हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. तारांमधून ते जगभर गेलं. आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांत कोण होतं? लोकमान्य टिळक! तेव्हा ते चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्ये होते. साठी उलटलेली, मंडालेची सहा वर्षं अंगावर काढलेली. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी विल्सनला पत्र पाठवलं, सोबत हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयावरची पुस्तिका. विल्सनच्या चिटणीसाचं उत्तर आलं: पत्राबद्दल आभार, हा विषय योग्य वेळी योग्य अधिकाऱ्यांकडून हाताळला जाईल. पुढे त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांनाही निवेदन धाडलं. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावं ठरवली होती. टिळकांना पॅरिसला जाण्याचा परवानाच मिळाला नाही. हिंदुस्थानच्या वतीने २८ जून १९१९ ला तहावर सही केली ती ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंग यांनी. दहा लाखांवर माणसं युद्धासाठी आपल्याकडून परदेशी गेली होती, काका. एवढ्यांच्या वतीने बोलायला लोकांनी निवडलेला एक माणूस तिथे नव्हता.

टिळक भाबडे नव्हते. जगासमोर प्रश्न मांडायची संधी आली आहे, तर ती सोडायची नाही, इतकं साधं होतं ते. मला त्या पत्राचा राग येत नाही, त्या उत्तराचा येतो.

आणि आपणच एकटे नव्हतो. इजिप्तचे राष्ट्रवादी नेते साद झगलूल पॅरिसला जायचं म्हणाले, तर मार्च १९१९ मध्ये त्यांना पकडून माल्टाला पाठवलं. देश पेटला, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने तिथल्या ब्रिटिश संरक्षित राज्याला मान्यता दिली. कोरियात १ मार्चला लोक जपानी राजवटीविरुद्ध रस्त्यावर आले. चीनने दोस्तांसाठी लाखभर मजूर युरोपात पाठवले होते, पण जर्मनीच्या ताब्यातला शांतुंगमधला हक्क चीनला परत न देता जपानला दिला. ४ मे रोजी पेकिंगचे विद्यार्थी बाहेर पडले ते त्यामुळे.

जपानचीही एक मागणी होती, राष्ट्रसंघाच्या घटनेत सर्व राष्ट्रांच्या समानतेचं तत्त्व घाला, म्हणजे वंशावरून भेद नको. ११ एप्रिल १९१९ ला समितीत १७ पैकी ११ मतं बाजूने पडली. अध्यक्षस्थानी विल्सन. त्यांनी निर्णय दिला की एकमत नाही, म्हणून ठराव मंजूर नाही. त्याच समितीत याआधी बहुमतावर निर्णय झाले होते.

हा माणूस आपल्या देशात काय करत होता तेही मुलांना सांगा, बाई. १९१३ मध्ये याच्याच कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात झाली. विल्यम मन्रो ट्रॉटर नावाचा काळा संपादक त्याला व्हाइट हाउसमध्ये जाऊन जाब विचारून आला होता. १९१९ मध्ये त्याच ट्रॉटरला पॅरिसला जायला पासपोर्ट नाकारला, तर तो जहाजावर स्वयंपाक्याचा मदतनीस म्हणून लागला आणि तसा फ्रान्सला पोचला. कुणाला तह बदलायचा ध्यास होता, ते यावरून कळतं.

म्हणून मला विल्सन वाटाघाटीत हरला हे पुरेसं वाटत नाही. पाचव्या कलमातलं त्याचं मोघमपण हेच त्याचं मत होतं.

नकाशावेडा

दोघांचंही पटतं, पण एक बाजू राहिली. काही कलमं कुणी विकली नसती तरी जमिनीवर उतरणं कठीण होतं.

पोलंडला समुद्राला वाट द्यायची, आणि मुलूख पोलिश वस्तीचाच हवा, हे तेराव्या कलमात एकाच दमात आहे. पण विस्तुला नदीच्या मुखाशी डान्झिग हे बंदर होतं आणि तिथली वस्ती बहुतांश जर्मन. मग डान्झिगचं स्वतंत्र शहर केलं, राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली, आणि पूर्व प्रशिया उरलेल्या जर्मनीपासून तुटला. चेकोस्लोव्हाकियाला डोंगरांची नैसर्गिक सरहद्द द्यायची तर तीसेक लाख जर्मन आत येत होते. ते आले. ऑस्ट्रियाच्या जर्मनांना जर्मनीत जायचं होतं, त्यांना तहानेच मनाई केली. फ्रान्सने चार वर्षं लढून जर्मनी आधीपेक्षा मोठा करून द्यावा, हे क्लेमांसोच काय, कुणीही मान्य केलं नसतं.

लान्सिंगने डिसेंबर १९१८ मध्येच आपल्या टिपणात लिहून ठेवलं होतं की स्वयंनिर्णयाच्या या घोषणेत डायनामाइट भरलंय, ती कधीच पुऱ्या न होणाऱ्या आशा जागवेल. तो विल्सनचा परराष्ट्रमंत्री, पण विल्सन त्याला फारसं विचारत नसे.

आणि जिथे लोकांना खरंच विचारलं तिथे बरं झालं, हेही सांगायला हवं. क्लागेनफुर्टच्या खोऱ्याचा वाद ऑस्ट्रिया आणि नवं युगोस्लाव्ह राज्य यांच्यात होता. विल्सनच्या पॅरिसमधल्या बिऱ्हाडात गालिच्यावर भलामोठा नकाशा पसरलेला, आणि विल्सनसकट सगळे पुढारी गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत सरहद्द शोधतायत, असं हजर असलेल्या तज्ज्ञांनी लिहून ठेवलंय. तिथे शेवटी कौल घ्यायचं ठरलं. ऑक्टोबर १९२० मध्ये तो झाला, कौल झालेल्या भागात स्लोव्हेन भाषिक जास्त असूनही बहुमताने ऑस्ट्रिया निवडला, आणि ती सरहद्द आज तिथेच आहे. श्लेस्विगमध्ये डेन्मार्क आणि जर्मनीची सीमा १९२० च्या कौलाने ठरली, तीही आज तशीच. या दोन सरहद्दींसाठी पुढे कुणाला लढावं लागलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाने क्लागेनफुर्टवर पुन्हा हक्क सांगितला, तरी रेषा हलली नाही.

मला विल्सनमधलं हेच मोलाचं वाटतं. मुलूख राजाचा नाही, तिथे राहणाऱ्यांचा, हे त्याने युरोपच्या दिवाणखान्यात मोठ्याने म्हटलं. पण लोकांना विचारायची पद्धत मोजक्या ठिकाणी वापरली आणि सुडेटनलँड (चेकोस्लोव्हाकियातला जर्मन वस्तीचा तो मुलूख), दक्षिण टायरोल इथे टाळली.

फळाखडू

काय लिहू! तुम्हा तिघांचं सगळं वहीत उतरवून घेतलं. पानगळताई, टिळकांचं पत्र मी वर्गात सांगणारच. आमच्या मुलांना टिळक लंडनला खटल्यासाठी गेले एवढंच माहीत असतं.

सरचिटणीस सर, सर्वसाधारण सभेचं अर्धं राहिलंय. आणि एक आगाऊ प्रश्न, मुलं तो विचारणारच: अमेरिका राष्ट्रसंघात असती तर दुसरं युद्ध टळलं असतं का?

जुना सरचिटणीस

पानगळ, तुमचं म्हणणं मी मान्य करतो. ज्याचं नाव मागणीपत्रात नाही त्याच्यासाठी कुणी टेबलावर आवाज चढवत नाही. वसाहती जर्मनीच्या नि तुर्कांच्या होत्या तेवढ्याच चर्चेला आल्या, आणि त्याही ब्रिटन, फ्रान्स, जपान यांच्याकडे राष्ट्रसंघाच्या नावाने सांभाळायला गेल्या. यावर मला अधिक काही म्हणायचं नाही.

आता सभेचं. अमेरिकेत तह मंजूर व्हायला सिनेटची दोन-तृतीयांश मतं लागतात. हे विल्सनला माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं, तो राज्यशास्त्राचाच प्राध्यापक. तरीही ऑक्टोबर १९१८ मध्ये त्याने मतदारांना आवाहन केलं की माझ्याच पक्षाची काँग्रेस निवडून द्या. लोकांनी उलटं केलं, दोन्ही सभागृहं रिपब्लिकन पक्षाकडे गेली. अशा वेळी शहाणा माणूस विरोधी गटातले दोघे-तिघे वजनदार लोक आपल्या शिष्टमंडळात घेतो, म्हणजे करारावर त्यांचीही सही पडते. विल्सनने एकही सिनेटर नेला नाही. पाच जणांच्या शिष्टमंडळात रिपब्लिकन एकच, हेन्री व्हाइट, आणि तो जुना राजदूत, पक्षात त्याचा शब्द चालत नव्हता.

सिनेटच्या परराष्ट्र समितीचा अध्यक्ष रिपब्लिकन हेन्री कॅबट लॉज. त्याने तहाला चौदा दुरुस्त्या जोडल्या. राष्ट्रसंघाची घटना तहाचाच भाग होती, आणि सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती तिच्या दहाव्या अनुच्छेदाची: संघाच्या कुठल्याही सभासदावर आक्रमण झालं तर त्याच्या रक्षणाची जबाबदारी अमेरिकेवर आपोआप येणार नाही, काँग्रेसने तसं ठरवलं तरच येईल. मी ती दुरुस्ती पुन्हा पुन्हा वाचली. युद्ध पुकारायचा अधिकार अमेरिकेच्या घटनेत काँग्रेसलाच आहे, मग त्यात गेलं काय? पण विल्सन अडून बसला. सप्टेंबर १९१९ मध्ये रेल्वेने देशभर सभा घेत सुटला, डॉक्टर नको म्हणत असताना. दिवसाला कधी दोन, कधी तीन भाषणं, त्या काळी लाऊडस्पीकर जवळपास नाहीच. २५ सप्टेंबरला कोलोरॅडोत प्वेब्लोच्या सभेनंतर कोसळला, २ ऑक्टोबरला व्हाइट हाउसमध्ये अर्धांगाचा झटका आला. त्यानंतर त्याच्यापर्यंत कोण पोचणार, कुठला कागद जाणार, हे त्याची बायको ईडिथ ठरवायची.

१९ नोव्हेंबर १९१९ ला दुरुस्त्यांसह तह मतदानाला आला, ३९ विरुद्ध ५५. पडला. बिनदुरुस्तीचा आला, ३८ विरुद्ध ५३. तोही पडला. जानेवारी १९२० मध्ये ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी जाहीर पत्र लिहिलं की दुरुस्त्यांसह का होईना, अमेरिका संघात येत असेल तर आम्हाला चालेल. हेच ग्रे खास राजदूत म्हणून वॉशिंग्टनला काही महिने राहिले होते, विल्सनने त्यांना भेट दिली नव्हती. १९ मार्च १९२० ला शेवटचं मतदान. दुरुस्त्यांसह तहाला ४९ मतं, विरुद्ध ३५. सात मतं कमी पडली. आपल्याच पक्षाच्या लोकांना विल्सनने विरोधात मत द्यायला सांगितलं होतं, तरी एकवीस जणांनी त्याचं न ऐकता बाजूने मत दिलं.

पॅरिसमध्ये जिथे ताठ उभं राहायला हवं होतं तिथे त्याने सोडलं, आणि घरी जिथे थोडं सोडलं असतं तर सगळं मिळत होतं तिथे तो ताठ राहिला. आजारपणाने त्यात भर घातली असेल, पण लॉजशी त्याचं हाडवैर आधीचंच. माझा जीव इथे तुटतो. राष्ट्रसंघासाठी तेरा कलमं घासून घासून दिली, आणि सात मतांसाठी त्याच संघातलं आपल्या देशाचं स्थान गमावलं.

युद्ध टळलं असतं का, याला छातीठोक उत्तर मी देणार नाही. पण एक धागा मुलांना दाखवता येईल. क्लेमांसोने ऱ्हाइनचा हट्ट सोडला तो फुकट नव्हे. बदल्यात अमेरिका आणि ब्रिटन यांनी फ्रान्सला लेखी हमी दिली होती की जर्मनीने हल्ला केला तर आम्ही धावून येऊ. हमीचे ते करार २८ जूनलाच सही झाले. अमेरिकेचा सिनेटमध्ये मतदानालासुद्धा आला नाही, आणि ब्रिटनचा अमेरिकेच्या मंजुरीवर अवलंबून होता म्हणून तोही गळला. फ्रान्सने जमीन सोडली आणि हमीही गेली. मग भरपाईचे हप्ते चुकले तेव्हा जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमने जर्मनीच्या रूर या औद्योगिक भागात सैन्य घातलं, आणि त्या वर्षी जर्मन मार्कचं काय झालं ते तुमच्या पुस्तकात असेलच. अमेरिकेने जर्मनीशी १९२१ मध्ये वेगळा तह करून आपलं मिटवून घेतलं.

वर्गासाठी सुचवतो, पटलं तर बघा. मुलांचे गट करा. एकाला नववं कलम आणि ब्रेनरचा नकाशा द्या, दुसऱ्याला तेरावं कलम आणि डान्झिग, तिसऱ्याला पाचवं कलम आणि पानगळताईंनी लिहिलेलं टिळकांचं पत्र नि त्याचं उत्तर. प्रत्येक गटाने सांगायचं की कलमात काय होतं आणि तहात काय झालं. दुसऱ्या तासाला सगळ्या वर्गाचं सिनेट करा. लॉजची दहाव्या अनुच्छेदाची दुरुस्ती फळ्यावर लिहा, तीन-चार मुलांना बाजूने आणि तीन-चारांना विरोधात बोलू द्या, मग हात वर करून मतं घ्या. मोजणी मात्र साध्या बहुमताने करू नका, दोन-तृतीयांशानेच करा, आणि किती मतं कमी पडली ते इथे येऊन कळवा.